आधी आलं कोण

वाइनरी बंद होणार म्हटल्यावर आकांक्षाला सगळ्यात जास्त चीड आली ती लोकांच्या सांत्वनाची. "जाऊ दे ना, आता ज्यूस काढ," असं कुणी म्हटलं की तिचं डोकं सणकायचं. वाइन बनवणं म्हणजे कुठलातरी वाया गेलेला ज्यूस, असंच जणू सगळ्यांना वाटत होतं.

अमरावतीतल्या एका वस्तीत, भाड्याच्या गोडाऊनमध्ये तिनं ती आठ वर्षांपूर्वी सुरू केली होती. वरूड-मोर्शीकडची बारीक म्हणून बाजूला काढलेली संत्री तिथं यायची. दर्यापूरच्या बौद्ध घरातली ही मुलगी. सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि नोकरी सोडून टाक्यांच्या नादी लागली. धंदा फार मोठा झाला नाही, पण बाटल्या नागपूरपर्यंत जायच्या आणि वस्तीतल्या चार बायांच्या हाताला काम होतं.

मग शेजारी अभ्यासिका आली. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी श्रावणभाऊंनी ती काढली. उन्हाळ्यात त्यांची बोअर आटली तेव्हा आकांक्षानंच आपल्या नळाला पाइप लावून दिला. पुढच्या हिवाळ्यात श्रावणभाऊंनी तक्रार ठोकली: शिकणाऱ्या पोरांच्या शेजारी दारूचा कारखाना कसा? शिकण्याच्या जागेपासून दारू ठरावीक अंतरावर हवी, असा नियम आहेच.

सुनावणीत ती एकच गोष्ट परत परत सांगत राहिली. "साहेब, आधी मी आले. अभ्यासिका नंतर आली."

"नियमात आधी-नंतर नसतं, मॅडम," साहेब म्हणाले.

परवाना पुढं मिळाला नाही. टाकीत उरलेली वाइन अधिकाऱ्यांच्या देखत नालीत सोडावी लागली. पहिल्या दिवसापासून तिच्याकडे काम करणारी पंचफुला नालीकडे पाठ करून उभी राहिली. आकांक्षा मात्र शेवटचा थेंब जाईपर्यंत बघत होती. अंगाची लाही लाही होत होती, पण तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अकोल्याहून वकारभाई ट्रक घेऊन आले. त्यांचा लोणच्याचा कारखाना होता. मागच्या शेडमध्ये संत्र्याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, करायचा, टाक्या आणि हुन्नर आकांक्षाचं, जागा आणि विक्री त्यांची, असं ठरलं होतं. पहिली टाकी ट्रकवर चढते न चढते तोच फाटकात तिचे बाबा उभे दिसले.

देवमन एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. पाचवं शील म्हणजे दारूपासून लांब राहणं, आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं होतं. लेकीनं वाइन काढली तेव्हा ते भांडले नाहीत, पण या फाटकाच्या आत कधी पाऊलही टाकलं नाही. आज ते पांढरा सदरा घालून पहिल्या बसनं आले होते.

"आज बरं येणं झालं," आकांक्षा तुटकपणे म्हणाली.

"सामान उचलाले माणूस लागते," ते म्हणाले आणि बाह्या वर सारल्या.

एवढ्यात श्रावणभाऊ आले. तोंडावर हसू, हातात मोजपट्टी. "ताई, राग मानू नका बरं. मालकाशी बोलणं झालं माझं. पुढच्या महिन्यापासून हे गोडाऊन अभ्यासिकेलेच देऊन राहिले ते. पोट्टे वाढले ना, जागा पुरत नाही."

आकांक्षाच्या हातातला पाना तसाच राहिला. म्हणजे नियम नव्हता, पोरांची काळजी नव्हती. जागा हवी होती! तिनं दिलेल्या पाण्यावर पोरं बसवली आणि आता तिच्याच गोडाऊनची मापं घ्यायला हा माणूस तिच्याच दारात उभा होता.

श्रावणभाऊ देवमनकडे वळले. "काका, तुमी तर समजदार. तुमच्या समाजाले पंचशील दिलं बाबासायबांनी. अन् तुमचीच पोरगी दारू गाळते? मी तं एका परीनं तुमचंच काम केलं."

देवमन त्यांच्याजवळ गेले. आवाज चढला नाही.

"पंचशील मले नोको शिकवू. तुले पाचवंच ठावं हाये. दुसरं सांग बरं."

श्रावणभाऊ मोजपट्टी उघडत-मिटत राहिले.

"जे कोणी दिलं नाही, ते घ्याचं नाही. हे दुसरं. पोरीनं पाणी देल्लं ते तू घेतलं, ठीक. जागा तिनं देल्ली होती काय तुले? अन् आमच्या समाजाचं काम आमाले करू दे. जाय आता. टाक्या निघेपर्यंत जागा तिची हाये."

श्रावणभाऊंनी मोजपट्टी खिशात कोंबली. जाता जाता "चांगुलपणाचे दिवसच नाही राह्यले" असं काहीतरी पुटपुटले. पंचफुला त्यांच्या पाठीमागं पचकन थुंकली.

आकांक्षाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, बाबा शेवटी आपल्या बाजूचे झाले. तसं ती म्हणालीही.

"नाही," देवमन म्हणाले. "दारू बंद झाली त्याचा मले आनंदच हाये. ज्या रीतीनं बंद केली, त्याचा राग हाये. दोन वेगळ्या गोष्टी हायेत."

तिच्या डोळ्यांतलं पाणी तिथंच सुकलं. "मंग तुमीबी ऐका. आठ वर्षं या गोडाऊनकडे पाहिलं नाही तुमी. मी चोरी नाही केली, कोणाले फसवलं नाही. मी अपील टाकलं हाये. अकोल्याले सिरका करीन, पण परवाना भेटला की परत वाइनच काढीन. तुमाले आनंद झाला म्हणून मी सोडणार नाही."

देवमननी सदऱ्याची सुटलेली बाही परत वर सारली. मग म्हणाले, "टाक अपील. जिंकलीस तरी मी तुह्या वाइनरीत येणार नाही."

"नका येऊ."

"पण सुनावणीले येईन."

दोघांनी मिळून संत्री पिळायच्या दाबयंत्राचा जड सांगाडा उचलला आणि ट्रकच्या फळीवर ठेवला. बाबांना धाप लागली, तरी त्यांनी हात सोडला नाही.

दुपारी बाबा दर्यापूरच्या बसला गेले आणि ट्रक निघाला. पंचफुलाही बरोबर होती, "मी काय त्या पोट्ट्याइच्या खुर्च्या पुसू?" म्हणत तिनं गाठोडं आधीच आत टाकलं होतं. मूर्तिजापूर मागं पडलं.

"रोना है तो रो लो, ताई," वकारभाई हळूच म्हणाले. "इथं कोण पाहून राहिलं?"

"रडून नाही राहिली. चिडून राहिली."

वकारभाईंनी मान हलवली आणि गाडीचा वेग वाढवला. आकांक्षानं त्यांना शेडमधल्या पाण्याबद्दल विचारलं: विहिरीचं की बोअरचं, खारं तर नाही, उन्हाळ्यात टिकतं का? ते सांगत गेले, ती पुढचं विचारत गेली.