कपाटराव विसरले

"सांगून टाका की, कपाटराव," बंदुकीच्या दुकानाचे मालक म्हणाले. "परके आहेत का हे? मिस्टर आहेत तिचे."

मिस्टर काउंटरवर कोपर टेकून उभे होते. जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे दुकानातला चहा त्यांना न मागता मिळे. "रुसून गेलीय हो," ते गोड आवाजात म्हणाले. "इथनं पिस्तूल घेतलं म्हणे तिनं. म्हणजे नवा पत्ता दिला असणार. एकटी बाई, त्यात हातात पिस्तूल. काळजी वाटते."

नेमकी कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही.

कपाटराव हे अर्थात पाळण्यातलं नाव नव्हे. ते दुकानातले कारकून. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र बघायचं, नाव-पत्ता कागदावर उतरवायचा आणि संध्याकाळी पाकीट बंद करून सरकारी कचेरीत धाडायचं, हे त्यांचं काम. दुकानात एक ओळही मागे ठेवायची नाही, असा कडक कायदा होता. पाकीट कसं चिकटवावं इथपर्यंत कायद्याने विचार केला होता. कारकुनाच्या डोक्याला कुलूप लावायचं तेवढं राहून गेलं होतं. आणि ते डोकं असं, की आत गेलेला पत्ता पुन्हा बाहेर पडत नसे. मालक चारचौघांत कौतुकाने परीक्षा घेत, कपाटराव खाडखाड उत्तरं देत, आणि त्या दिवशी घरी जाताना जरा छाती काढून चालत. अख्ख्या नोकरीत दुसरी कुठली बढती मिळाली नव्हती.

सुटीच्या दुपारी जेवून खुर्चीत डोळे मिटले की त्या पत्त्यांचं एक गाव तयार होई. डॉक्टरांचं निळं फाटक, सुताराचं जिन्याखालचं दार. कपाटराव छपरांवरून तरंगत जात, आणि ज्याचं नाव मनात येई त्याच्या खिडकीत दिवा लागे.

"अहो, झोपेत हसता काय?" बायको विचारी.

"जरा फिरून आलो," ते म्हणत.

ती बाई पिस्तूल घ्यायला आली, तेव्हा पत्ता सांगताना तिचा आवाज इतका खाली गेला की कपाटरावांना काउंटरवर ओणवं व्हावं लागलं.

"हे कुणाला कळणार नाही ना?"

"कागद सीलबंद जातो, ताई."

"कागदाचं नाही. तुमचं विचारतेय."

असलं काही त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. "मी विसरून जातो की," ते म्हणाले. माणूस तोंडदेखलं काय वाटेल ते बोलून जातो.

"बोला, कपाटराव," आता मिस्टर म्हणत होते.

"सांगता येत नाही, साहेब. नियम आहे."

"म्हणजे आठवतंय." मिस्टर हसले. कप ठेवताना त्यांनी बशीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही. "मी रोज येईन. घाई नाही मला."

कुलूप दाखवलं की कपाट भरलेलं असल्याची चोराला खात्री पटते, हे कपाटरावांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"आठवतंय कुठलं," ते पुटपुटले. "लाजेखातर नियम सांगितला. हल्ली काही राहतच नाही डोक्यात."

मालक खदखदून हसले. "ऐका! यांच्या डोक्यात राहत नाही! सांगा बरं, आपले डॉक्टर कुठं राहतात?"

निळं फाटक समोर उभं राहिलं. त्याच्याकडे पाठ फिरवून कपाटराव म्हणाले, "डॉक्टर... कुठले?"

"बरं, सुतार?"

कपाटरावांनी सुताराला नदीपलीकडे नेऊन ठेवलं. गावातल्या खिडक्या एकेक करून विझू लागल्या. मालकांचं हसू ओसरलं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू विचारलं, "तुमचं स्वतःचं घर कुठंय, कपाटराव?"

कपाटराव बराच वेळ भिंतीवरच्या बंदुकांकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या लहानपणीच्या घराचा पत्ता सांगितला.

मिस्टरांनी टोपी उचलली. रिकाम्या कपाटापाशी कोण थांबतं? ते पुन्हा आले नाहीत.

मालक भला माणूस. "आता आराम करा," म्हणाले, आणि त्यांना स्वतः घरापर्यंत पोचवून गेले. बायको पदरात तोंड खुपसून रडली. तिला खरं सांगावं असं कपाटरावांच्या फार मनात आलं. पण खरं सांगायचं तर कोणासाठी, तेही सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिने त्यांच्या शर्टाच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. लोकांचे पत्ते जपण्यात जन्म गेला. आता त्यांचा स्वतःचा, कोणीही वाचावा असा, खिशातून डोकावत असे.

पुढे एका संध्याकाळी ते बागेतल्या बाकावर बसले होते. समोरून ती पिस्तूल नेलेली बाई आली. त्यांना बघताच जागच्या जागी थबकली.

"काका... ओळखलंत मला?"

कपाटरावांनी ढगाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. "नाही हो, ताई. माझ्या काही लक्षात राहत नाही आता."

तिचे खांदे सैल झाले. ती शेजारी टेकली. चिठ्ठी दिसली तशी तिने ती वाचली, आणि कोणी लहान मुलाला म्हणावं तसं म्हणाली, "चला, काका. घरी सोडते तुम्हाला."

तिने कोपर धरलं. दिवे लागत होते. डॉक्टरांचं निळं फाटक मागे गेलं, सुताराचं जिन्याखालचं दार मागे गेलं. पुढच्या कोपऱ्यावर ती वाट चुकून भलत्याच गल्लीला वळली, आणि कपाटराव एक अक्षर न बोलता तिच्याबरोबर वळले.