खराट्याने माझा तोरा उतरवला

मी एक जुनी सिरिंज आहे, मित्रांनो. काचेची नळी, स्टीलचा दांडा. गोठ्यातल्या फळीवर माझा डबा असे आणि खाली कोपऱ्यात खराटा पडलेला असे. तेव्हा मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे.

ओल्या शेणात बसून गाईंची कास सुजे. "टोचून टाक गं सूनबाई, रोज झाडायला माणूस कुठून आणायचा?" आजोबा म्हणत. झाडण्यापेक्षा टोचणे स्वस्त, असा त्यांचा हिशेब. मग माझ्यात प्रतिजैविक औषध भरले जाई. केवढा माझा मान!

टोचलेल्या गाईचे दूध काही दिवस ओतून द्यायचे असते. आजोबांच्या ते जिवावर येई. एकदा त्यांनी ते गुपचूप कॅनमध्ये मिसळले. डेअरीच्या तपासणीत औषध सापडले आणि सगळे दूध परत आले.

"पुन्हा असं झालं तर तुमचं दूध कायमचं बंद," डेअरीवाल्याने बजावले.

"मामंजी, मग गाई विकाव्या लागतील," सूनबाई म्हणाली आणि तिने खराटा त्यांच्या हाती दिला. "दूध ओतवत नाही ना? मग झाडा!"

आजोबांची कंबर धरली, गाईंखाली अंथरायच्या कोरड्या भुशाला खर्च आला. पण गाई दुखण्यातून सुटल्या आणि दूध ओतायची वेळ येईना. येणारा-जाणारा म्हणे, "गोठा कसा आरशासारखा!" आणि तो दात पडलेला आडदांड खराटा माझ्या डोळ्यांदेखत मिरवे. डब्यात पडल्या पडल्या माझा जळून कोळसा होई. एखादी गाय आजारी पडावी, असेही मनात येई.

आणि तांबडी गाय खरोखरच आजारी पडली. कास दगडासारखी, अंगात ताप. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून मला उकळायला सांगितले आणि औषध टोचले. दुसऱ्या दिवशी तांबडी उठून चारा खाऊ लागली.

"पूर्वी दोन-दोनदा टोचूनही हिला फरक पडत नव्हता," आजोबा चकित झाले.

"सारखं टोचलं की जंतू निगरगट्ट होतात, आजोबा. एवढ्यात औषध दिलं नव्हतं, म्हणून आज लागू पडलं," पुन्हा बघायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी अभिमानाने फुलले. तेवढ्यात आजोबांनी खराट्यावर थाप मारली. "म्हणजे शाबासकी याची!" मग तांबडीचे दूध त्यांनी स्वतःच्या हाताने ओतून दिले.

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा, जपा. पण ऊठसूट बाहेर काढू नका. गोठा झाडा. हे मला माझ्या तोंडाने सांगावे लागते आहे, आणि कोपऱ्यातून तो सगळे ऐकतो आहे.