दादाच्या बँडमध्ये चूक नव्हती

आमच्या जॅझ बँडचा एकच नियम होता: दादा चुकत नाही. तो बँडचा म्होरक्या, माणसाहून उंच, तारांचा बेस वाजवणारा. मी त्याची धाकटी बहीण, पियानोवर. लिहून ठेवलेलं काही नसायचं. मध्येच त्याने भलताच सूर धरला, की आम्ही तिघांनी तोच बरोबर मानून त्याच्यामागे धावायचं. "एकट्याने केली तर चूक, चौघांनी केली तर चाल," असं तो म्हणायचा. या एका नियमावर आमची सगळ्यांची पोटं भरली.

गेल्या वर्षभरात तो फारच भलतीकडे जायला लागला. आम्हीही जीव तोडून मागे. वर्तमानपत्रांनी 'उतारवयातली नवी पालवी' असं छापलं आणि साहेब हवेत गेले, हाक मारली तर ओ देईनात. पूर्वी श्रोत्यांकडे तोंड करून उभा राहायचा. आता आमच्याकडे वळून, माझ्या हातांवर डोळे लावून. मला वेडीला वाटलं, उशिरा का होईना, बहिणीची किंमत कळली.

त्या दुपारी नव्या रेकॉर्डची तालीम होती. दादाने डोळे मिटून एकट्याने सुरुवात केली. आम्ही थोड्या वेळाने यायचं असं ठरलं होतं. तेवढ्यात इमारतीतली आगीची घंटा कोकलायला लागली. ड्रमवाल्याने काठ्या टाकल्या. सॅक्सोफोनवाला, आमचा गालफुग्या, कान झाकून दाराकडे पळाला. मीही उठले.

दादा वाजवतच होता.

"काय डोकं चालतं या माणसाचं!" गालफुग्या दारातून ओरडला. "घंटेलाच साथीला घेतलंय!" आणि नियमाप्रमाणे त्याने लगेच गळ्यातला सॅक्सोफोन तोंडाला लावला.

मी मात्र कान देऊन ऐकलं. त्या सुरांचा घंटेशी काडीचाही संबंध नव्हता. मी दादाच्या पाठीमागे जाऊन हाक मारली. मग समोर येऊन ओरडले. पापणीसुद्धा हलली नाही. कपाळ बेसच्या मानेला टेकवून तो स्वतःशीच हसत होता, आमची वाट बघत. मी बेसच्या पोटावर तळहात दाबला, तशी लाकडाची थरथर थांबली. त्याने खाडकन डोळे उघडले.

घंटा थांबली. खाली कुणीतरी काहीतरी करपवलं होतं, एवढंच.

"कधीपासून?" मी विचारलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"मागच्या हिवाळ्यात कान पुरते गेले. पण असं काय बघताय? तुम्हाला ठाऊक होतं ना?"

आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो.

"वर्षभर सांभाळून घेताय मला. मी कुठेही घसरलो की तिघंही तिथे हजर. एकानेही चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं!"

"आम्हाला वाटलं, तू नवीन काहीतरी करतोयस," ड्रमवाला खाली मान घालून पुटपुटला. दादाला ते दिसलं नाही. मलाच समोर उभं राहून पुन्हा सांगावं लागलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातून बेस सुटला, तो गालफुग्याने धरला.

"म्हणजे सगळ्या चुकाच होत्या," दादा म्हणाला. "मग रेकॉर्ड कसली करता? बँड मोडा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "छोटे, तू कधी माझं तोंडदेखलं कौतुक केलं नाहीस. खरं सांग. कसं होतं ते?"

मी एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तू आयुष्यात इतकं चांगलं वाजवलं नव्हतंस."

"पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. आवाजाचा उपयोग नाही हे माहीत असूनही, घसा फाटेस्तोवर ओरडून सांगितलं.