वाळलं की

बागेतल्या फरशीच्या फटींतलं गवत काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लोकांना ते काम वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. ज्यांनी जन्मात कधी खुरपं धरलं नाही ते मला सांगतात, "एक फवारा मारा आणि मोकळे व्हा." मी त्यांना विचारतो, घरात जनावर आहे का? कुत्रं, मांजर, ससा, काहीही. असेल तर माझ्याकडून फवारा नाही. गुडघे टेकून जुन्या सुरीनं फटी खरवडायच्या, खडीतलं मुळासकट उपटायचं, जे हट्टी असेल त्याच्या बुडात किटलीभर उकळतं पाणी ओतायचं आणि ते निवेपर्यंत जनावराला आत ठेवायचं. मीठसुद्धा टाकायचं नाही, कारण ते पंजांना लागतं आणि जनावर पंजे चाटतं. वेळ जातो, कंबर मोडते, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.

हा नियम मी एकदाच मोडला, आणि तोही सख्ख्या बहिणीच्या घरी.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. माझे केस विंचरण्यापासून माझ्यासाठी मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिच्याशिवाय मला जवळचं माणूस नाही. भाऊजी गेल्यावर तिचं घर फारच गप्प झालं, म्हणून एका गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये सापडलेलं मांजराचं पिल्लू मी खिशात घालून तिच्याकडे नेलं. "मला नको ही ब्याद," असं म्हणत तिनं त्याला टॉवेलात गुंडाळलं. त्या ब्यादीचा पुढे चांगला गलेलठ्ठ करडा बोका झाला. मी वाकून काम करत असलो की तो भिंतीवर बसून माझ्याकडे नापसंतीनं बघायचा, म्हणून मी त्याचं नाव मुकादम ठेवलं. ताई त्याला माझ्याबद्दल सांगायची, "लक्ष ठेव रे त्याच्यावर, अंगचोर आहे तो."

त्या दिवशी मला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. घरचं काम म्हणजे उरल्यासुरल्या वेळात उरकायचं काम. ताईच्या फाटकापासून दारापर्यंतची वाट गवतानं भरली होती आणि माझ्या गाडीत जुन्या साठ्यातला एका जालीम तणनाशकाचा डबा पडून होता. गवत पुरतं वाळेपर्यंत, निदान आठ दिवस, जनावरं लांब ठेवा, असं त्यावर स्वच्छ छापलेलं होतं. ते मी वाचलंही होतं. मी पंप भरला आणि दहा मिनिटांत वाट फवारून मोकळा झालो. मुकादम खिडकीच्या काचेमागे बसून बघत होता. गाडीत बसता बसता मी ताईला सांगितलं, "वाळलं की सोड त्याला."

एवढंच बोललो. गवतही वाळतं आणि औषधही वाळतं.

ताई तासाभरानं बाहेर आली. एकेका फरशीवर तिनं तळहात टेकवून बघितला, खडी मुठीत घेऊन चोळून बघितली. हे तिनं मला दोन दिवसांनी जनावरांच्या दवाखान्यात सांगितलं, मांडीवर मुकादमाची टोपली घेऊन. "सगळं खडखडीत वाळलं होतं रे. तरी मी आणखी एक तास थांबले. म्हटलं, हा घाईत होता, आपण जास्तच सांभाळावं." मग मुकादम त्या वाटेवरून चालत गेला, फाटकापाशी खडीत त्याची उन्हातली जागा होती तिथं बसला, आणि त्यानं चारही पंजे चाटून स्वच्छ केले.

तिनं 'वाळलं होतं' म्हटलं तेव्हाच मला कळलं, तिनं कशाची वाट बघितली ते.

डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून विचारलं. त्यांच्याशी मी खोटं बोललो नाही, डब्याचं नाव सांगितलं आणि ताईला मीच सांगेन म्हणालो. त्यांनी करता येण्यासारखं सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मुकादम गेला. ताईनं विचारलं, "त्या औषधानं तर नसेल?"

"छे," मी म्हणालो. "वाळल्यावरच सोडलंस ना तू?"

"हो."

"मग झालं तर. मूत्रपिंडं गेली होती त्याची. वयही झालं होतं."

त्याचं वय सात होतं. ताईनं मान हलवली. खोटं बोलू नये हे मला तिनंच शिकवलं होतं, त्यामुळे मी बोलेन असं तिच्या मनातही येत नाही.

त्यानंतर दोन महिने मी एकही रविवार चुकवला नाही. सुरी घेऊन जायचो आणि त्या वाटेवर गुडघे टेकून मेलेलं आणि नव्यानं फुटलेलं सगळं फटींतून खरवडत बसायचो. ताईला वाटायचं, भाऊ आपलं दुःख हलकं करायला येतो. तिनं माझ्या गुडघ्यांखाली द्यायला एक जुनी उशी काढली. चहा आणून द्यायची. "एवढा कशाला राबतोस? आता घरात आहे कोण? मार की फवारा," म्हणायची. मी "नको" म्हणायचो. तिच्या हातचा चहा मला गिळवत नव्हता, पण कप रिकामा करून द्यायचो.

मग एका रविवारी ती चहा घेऊन आली ती हसतच. दोन महिन्यांत पहिल्यांदा. शेजारच्या शिक्षिकेच्या मांजरीला पिल्लं झाली होती.

"एक मागितलंय मी," ती म्हणाली. "करडंच आहे. आणि तू आता गुडघे फोडत बसू नकोस. खुशाल फवार, फक्त मला आधी सांग. मला सवय झालीय. वाळेपर्यंत आत ठेवायचं, हात लावून बघायचं, आणि वर एक तास."

माझा हात थांबला. हे ऐकून घेऊन गप्प बसणं मला शक्यच नव्हतं.

"ताई, औषध नाही," मी म्हणालो. "गवत."

"काय गवत?"

"गवत वाळलं की सोड, असं म्हणायचं होतं मला. आठ दिवसांनी."

तिनं कप हळूच पायरीवर ठेवला.

"म्हणजे दार मी उघडलं," ती म्हणाली.

"तुझी काही चूक नाही. मीच नीट..."

"दार मी उघडलं. दोन तास कोंडला होता म्हणून ओरडत होता. मी त्याची समजूत घातली, जा बाबा, बस उन्हात, म्हटलं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू गवत म्हणाला नाहीस."

"नाही."

"आणि मी दवाखान्यात विचारलं तेव्हा?"

"तेव्हाही नाही."

लहानपणी ती माझा कान पिळायची. आताही तिनं तसा पिळावा असं मला फार वाटलं. तिनं हातही लावला नाही. मी उठल्यावर तिनं उशी उचलली, झटकली आणि काखेत धरली. काय करावं ते न सुचून मी फाटकापाशी खडीतलं गवत उपटायला वाकलो. तेवढंच राहिलं होतं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "त्याच्या जागेवरचं आहे." आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "ते गवत वाळलं की ये. तोवर येऊ नकोस."

मी हिशेब केला. दुसरं काही येत नसलं तरी गवताचं मला कळतं. ऊन चढत होतं, खडीत ओल धरत नाही, फार तर तीन आठवडे. मी चार थांबलो. तोवर सगळ्यांच्या बागा करपल्या, फटींतलं गवत आपोआप मेलं, मला कुणी कामाला बोलवेना. रस्त्यात शिक्षिका भेटली. पिल्लू न्यायला ताई आलीच नाही, असं म्हणाली.

मग एका सकाळी मी चालत ताईच्या घरी गेलो. फाटकाबाहेरूनच दिसत होतं. फरशीच्या फटींत पुन्हा फुटलेलं सगळं वाळून तांबूस झालं होतं. फाटकापाशी खडीतलं गवत तेवढं घोट्याएवढं वाढलं होतं, हिरवंगार. त्याच्या बुडाची खडी ओली होती. शेजारी मुकादमाची पाणी प्यायची वाटी पालथी घातलेली होती, आणि तिच्या कडेवरून अजून थेंब गळत होते.

मी फाटकाला हात लावला नाही. तसाच परत फिरलो.