मधाची परीक्षा

गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वाळत चालला होता आणि दादा पाण्याच्या ग्लासात मधाचा थेंब सोडून बघत उभा होता.

"बघा, कसा सरळ तळाला गेला. पसरला का? नाही. ह्याला म्हणतात शुद्ध!"

"दादा, आधी ती दाढी उरक," शेजारच्या खुर्चीवर कात्री चालवणारा धाकटा म्हणाला. पन्नाशी गाठली तरी गल्लीत सगळे त्याला धाकटाच म्हणत. दुकान थोरल्याचं होतं आणि याच्या हातात पहिली कात्री दिली तीही थोरल्यानेच.

"उरकतो रे. तुला कसली घाई?"

घाई नव्हती, वैताग होता. दादाला डायबेटीस निघाला तेव्हा डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली. ती त्याने त्याच दिवशी बंद केली आणि तिच्या जागी मध सुरू केला. सकाळी कोमट पाण्यात मध, चहात मध, दुधात मध, पावावर मध. साखर मोजून एक चमचा घालणारा हा माणूस मध मात्र सढळ हाताने ओतायचा. का, तर मध म्हणजे औषध, आणि औषधाने कधी कुणाचं वाईट झालंय? पावडरच्या डब्याशेजारी बाटली येऊन बसली. येईल त्याला दादा मधाचे गुण ऐकवायचा. गळ्यावर वस्तरा असलेला माणूस काय वाद घालणार? बिचाऱ्याला मान हलवायचीही सोय नव्हती.

पुढच्या तपासणीत साखर वाढलेली निघाली. धाकट्याला वाटलं, आता तरी शहाणा होईल.

"वाढणारच," दादा म्हणाला. "तो मध भेसळीचा होता. शुद्ध मधाने साखर वाढतच नाही."

धाकट्याने कपाळाला हात लावला. साखर वाढली की मध भेसळीचा, मध भेसळीचा म्हणून नवी बाटली, आणि नव्या बाटलीने साखर पुन्हा वाढली की तीही भेसळीची. या हिशेबापुढे कोण काय बोलणार! तो स्वतः दादाला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "अहो, शुद्ध असो नाहीतर भेसळीचा, पोटात गेला की साखरच ती. जिभेला फरक कळतो, रक्ताला कळत नाही." दादा अगदी नम्रपणे "बरं साहेब" म्हणाला आणि जिना उतरताना म्हणाला, "यांना मधातलं काही कळत नाही."

वहिनीही मेटाकुटीला आली होती. "भाऊजी, मी बाटली लपवली तर ते दुकानात खातात. तुम्ही लपवली तर घरी खातात. आता दोघांनी एकदमच लपवू." तसंही केलं. दुसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने दादाला मधाची बाटली भेट आणली. घ्या!

हे सगळं हसून सोडून देता आलं असतं, पण अलीकडे दादाचा हात चाचपडत होता. कानाखाली केस राहून जायचे. पेपर त्याने सोडला होता, म्हणे बातम्याच वाईट. धाकट्याला सगळं दिसत होतं. दाढीची गिऱ्हाइकं तो आपल्याकडे ओढून घ्यायचा, "या, इकडे बसा" म्हणायचा. पण दादाला तोंडावर सांगायची हिंमत होत नव्हती. दादाच्या हातून वस्तरा काढून घ्यायचा म्हणजे त्याला दुकानातूनच उठवण्यासारखं होतं.

निवृत्त मास्तर तेवढे दादाच्याच खुर्चीत बसायचे. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या गालाला वस्तरा लावला नव्हता.

त्या दिवशी त्यांच्या जबड्याखाली वस्तरा लागला. पांढऱ्या फेसात लाल ओघळ उतरला. दादा गुणगुणत पुढचा हात फिरवत राहिला. त्याला दिसलंच नव्हतं. धाकट्याची कात्री जागच्या जागी थांबली. आरशातून मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बोट किंचित हलवून 'नको' म्हटलं. मग स्वतःच टॉवेल घेऊन गळ्यावर दाबून धरला.

"कशी झाली?" दादाने विचारलं.

"झकास," मास्तर म्हणाले.

धाकटा त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत धावला. "मास्तर, चुकलं हो."

"माझं सोड. त्याला दिसत नाहीये. तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग?" एवढंच विचारून ते गेले.

धाकटा परत आला तो भडकूनच. "मधाची परीक्षा रोज घेतोस, स्वतःच्या रक्ताची घेतलीस का कधी? मास्तरांना कापलंस तू! रक्त आलं, आणि तुला दिसलंसुद्धा नाही!"

दादाने टॉवेल उचलला, नाकाशी धरला, उजेडात नेला. डागावरून अंगठा फिरवून पाहिला.

"म्हणजे," शेवटी तो हळूच म्हणाला, "हाही मध भेसळीचाच निघाला."

धाकट्याला ओरडावं की रडावं कळेना. त्याने बाटली उचलून मोरीत रिकामी केली. दादाने अडवलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर आटोक्यात ठेवलीत तर उरलेली नजर टिकेल, गेलेली परत येईलच असं नाही. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. दादा म्हणाला, "हाताला सवय आहे, नजर कशाला लागते?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वस्तऱ्याला धार लावत बसला. धाकट्याचा जीव टांगणीला लागला.

थोड्या दिवसांनी मास्तर आले. दादाने खुर्ची झटकली, त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रशने फेस काढला.

"आज नुसते केस," मास्तर म्हणाले.

दादाने सवयीने त्यांच्या गालावरून तळवा फिरवला. गाल घोटलेला होता, पण कसा? जबड्याखाली खुंट तसेच राहिलेले, हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटलेला, गळ्यावर दोन-तीन ओरखडे. दादाची बोटं एकेका ओरखड्यावर थांबत गेली.

"कुणाकडे केलीत?"

"घरीच. म्हटलं, बघू तरी जमतं का."

दादाने फेसाचा ब्रश धुतला, वस्तरा मिटला आणि धाकट्याच्या बाजूला ठेवला.

"धाकट्या, मास्तरांची दाढी नीट करून दे. खालून वर जाऊ नकोस, कातडी नाजूक आहे त्यांची."

एवढं सांगून तो गेला आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर, नंबरला बसलेल्या माणसांमध्ये, जागा करून बसला.