एका सीपीयूवर चौघे

परीक्षा सुरळीत पार पडली, तर मास्तरांच्या पदरात बरंच काही पडणार होतं. टायपिंग क्लासची परीक्षा-केंद्र म्हणून मान्यता टिकली असती, म्हणजे क्लासच टिकला असता. ही जागा रिकामी कधी होणार, याची चौकशी समोरच्या क्लासवाल्याने आधीच सुरू केली होती. त्याचं तोंड बंद झालं असतं. आणि बायको पास झाली, तर कचेरीतली तिची हंगामी नोकरी कायम होऊन घरात एक तरी भरवशाचं माणूस आलं असतं. सासऱ्यांच्या मते ती जागा लग्नापासून रिकामीच होती.

अट एकच: चार उमेदवार एका वेळी बसतील अशा चार चालू जागा. आठवड्यापूर्वीपर्यंत त्या होत्याही. मग तळमजल्यावरच्या वेल्डिंगवाल्याने कुठली तरी तार कुठे तरी जोडली आणि एका झटक्यात तीन सीपीयू गेले. स्क्रीन, कीबोर्ड, माउस कसे कोण जाणे वाचले.

"तोंडं चार आणि पोट एक," वहिनी म्हणाल्या. मास्तरांची बायको सगळ्या गल्लीची वहिनी होती.

"मग एकाच पोटावर चौघांना जगवू," मास्तर म्हणाले. आवाज मात्र बुडत्या माणसाचा होता.

उरलेल्या एका सीपीयूत त्यांनी मागूनमागून आणलेली ग्राफिक्स कार्डं कोंबली, चार स्क्रीन जोडले, प्रत्येक स्क्रीनला आपापला कीबोर्ड आणि माउस नेमून दिला. मेलेले तीन सीपीयू शोभेसाठी टेबलांखाली तसेच ठेवले. वहिनी तिसऱ्या जागेवर सरावाला बसल्या.

"अहो, मी इथे मारतेय आणि लागतंय तिथे, पहिल्या स्क्रीनवर!"

"तुझं बोलणंही तसंच असतं," मास्तर टेबलाखालून म्हणाले, आणि डोकं आपटून घेतलं.

तेही जमलं. पण परवानगी मागणारा चौकोन दर दोन मिनिटांनी उघडायचा. शेवटी वैतागून त्यांनी चारही खात्यांना मालकाचे सगळे अधिकार देऊन टाकले. चौकोन गप्प झाला. मास्तरांनी देवाचे आभार मानले. मानायची जरा घाईच झाली.

परीक्षेच्या सकाळी तपासनीस आले. त्यांनी स्क्रीन मोजले, टेबलांखाली वाकायचा विचार केला, पण पोट आड आलं. मग नियम वाचले: केंद्राच्या दोषाने परीक्षा थांबली, तर सगळ्यांची फेरपरीक्षा, केंद्राची मान्यता रद्द. उमेदवाराच्या चुकीने थांबली, तर तो नापास, बाकीच्यांची फेरपरीक्षा.

चौघे बसले. दवाखान्यातल्या नर्सबाई, बसचा एक ड्रायव्हर, वहिनी, आणि कोपऱ्यात ज्याला सगळे एक्सप्रेस म्हणत तो पोरगा. वहिनींची ही शेवटची खेप. पुढच्या वेळी वय आडवं येणार होतं. त्यांचा वेग बेताचा, पण चूक शोधून सापडायची नाही. आज बोटंही कधी नव्हे ती चालत होती. मास्तर दाराशी श्वास धरून उभे.

एक्सप्रेसचं अर्थातच सगळ्यांआधी झालं. उत्तर जमा केल्याचा संदेश त्याने नीट वाचला. आणि मग वर्षभर मास्तरांनी ओरडून ओरडून लावलेल्या शिस्तीप्रमाणे, खुर्चीतून उठण्याआधी, मशीन बंद करायला घेतलं. इतर लोक काम करताहेत, तरीही बंद करायचं का, असं मशीनने विचारलं. शहाण्या मुलासारखं त्याने 'हो' दाबलं.

चारही स्क्रीन काळे झाले.

"माझं शेवटचंच वाक्य राहिलं होतं हो!" नर्सबाई किंचाळल्या.

"वीज गेली?" तपासनीसांनी वर पाहिलं. पंखा मजेत फिरत होता. स्क्रीनचे लाल ठिपकेही जळत होते, पण तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. त्यांची नजर हळूहळू टेबलांखाली निघाली. "मास्तर, हे एकदम चारही कसे बंद पडले?"

मास्तरांनी तोंड उघडलं. एका बाजूला क्लास, दुसऱ्या बाजूला एक्सप्रेस. खरं बोलले, तर क्लास जाणार. एक्सप्रेसवर ढकललं, तर ज्याने शिकवलेलं पाळलं तो पोरगा जाणार. 

तेवढ्यात टेबलाखाली खट्ट झालं आणि लाल ठिपके विझले.

"मी केलं," वहिनी म्हणाल्या. चारही जागांची विजेची एकच पिन त्यांच्या पायाच्या अंगठ्यात अडकलेली होती. "पाय ताणायला गेले आणि पिन निघाली. माझीच चूक."

"बाई, नियम ऐकलात ना?"

"ऐकला."

तपासनीसांनी वहिनींचं नाव खोडलं. मास्तर म्हणाले, "अगं..."

सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तू का बोललीस?"

"तुम्ही बोलणार होतात?"

मास्तर केबल गुंडाळू लागले. 

एकूण जमाखर्च असा. एक्सप्रेसचं उत्तर आधीच जमा झालेलं, म्हणून तो फेरपरीक्षेशिवाय पास झाला. नर्सबाई आणि ड्रायव्हर फेरपरीक्षेत निघाले. मास्तरांची मान्यता राहिली, आणि समोरचा क्लासवाला आता दुसरीकडे जागा बघतोय. कचेरीतल्या वहिनींच्या खुर्चीवर महिनाअखेरीस कायमचं माणूस आलं. बोटं भराभर चालणारं, वयात बसणारं. ते एक्सप्रेस निघालं. चौघांचं भागलं आणि भरलं एकट्या वहिनींनी.