‘मनसोक्त’चं दार बंद झालं

रविवारची दुपार होती. नेरच्या ‘मनसोक्त’ बुफेत उष्ट्याचे टब भरून वाहत होते. कुणी चार गुलाबजाम घेऊन एकाचाच तुकडा मोडला होता, कुणी भाताचा ढीग तसाच सोडला होता. एकदा पैसे भरले की हवं तेवढं वाढून घ्या! या एका वाक्यावर राजदीपचं हॉटेल असं चाललं, की यवतमाळ, दारव्हा, पुसद, महागाव इथेही शाखा निघाल्या. पण जितकी गर्दी, तितकीच नासाडी. सगळी कमाई उष्ट्यात जाऊ लागली.

‘‘ताटं लहान करा. लागलं तं पुन्हा घ्या म्हना,’’ त्याची बायको बबिता म्हणाली.

‘‘अन् गिऱ्हाईक तुटलं म्हंजे? त्यापेक्षा भांड्यात उरलेलं फ्रीजमंधी ठेवू. उद्या ताज्यात मिसळू.’’

‘‘लोकं माजून टाकून राह्यले म्हून तुम्ही शिळं चारान? अहो, वाढनाऱ्याच्या भरवशावर मानूस डोये मिटून घास घेते!’’

राजदीपने ऐकलं नाही. सगळ्या शाखांत तेच सुरू झालं.

एप्रिलमध्ये फुलसावंगीची पंचफुलामावशी भजनातल्या बायकांना घेऊन महागावच्या शाखेत आली. आई गेल्यावर राजदीपला तिनेच वाढवलं होतं. ‘‘माह्या पोराचं हॉटेल हाये!’’ असं सांगत तिने प्रत्येकीला आग्रहाने बासुंदी वाढली, स्वतःही खाल्ली. त्या बासुंदीत कालची मिसळलेली होती.

संध्याकाळी साऱ्याजणी दवाखान्यात. बाकीच्या वाचल्या. मावशी मात्र खचत गेली.

राजदीप धावत आला. त्याचा हात धरून ती पुटपुटली, ‘‘रडू नको, बापू. जेवन लय चांगलं होतं. माहंच पोट नाजूक.’’

अरेरे! तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

‘‘मावशी, शिळं होतं वं! मले ठाऊक होतं!’’ तो ओरडला. पण मावशी ऐकायला उरली नव्हती.

वकिलाने गप्प राहायला सांगितलं, तरी राजदीपने पोलिसांना सारं खरं सांगितलं. एकेक शाखा बंद पडली. आचारी, वाढपी घरी बसले. जामिनावर सुटून तेरवीला तो फुलसावंगीला गेला, तर मावशीच्या लेकीने, विजयमालाने, त्याला दारातच अडवलं.

‘‘दादा, तिनं तुले माफ केलं असन. माह्याच्यानं होत नाही.’’

दार लागलं. तो उन्हात उभाच राहिला.

वाचकहो, शिळं वाढलं ते राजदीपने. पण ताटात अन्न टाकणारे हात तुमचे-आमचेच! लागेल तेवढंच घ्या. आणि वाढताना समोरचं प्रत्येक पोट घरचं समजा. राजदीपला हे उमगलं, पण मावशीला गमावून.